लेक हर्मन रोडचा पुरावा वाचायचा कसा? आधी घटनास्थळ, पत्रं नंतर

झोडिअ‍ॅक प्रकरणावर (१९६८-६९ मध्ये कॅलिफोर्नियात खून करून वृत्तपत्रांना पत्रं पाठवणारा, अजून न सापडलेला मारेकरी) मराठीत जे विश्लेषण वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं संशयिताच्या नावापासून सुरू होतं. नाव आधी ठरतं आणि मग बूट, बंदूक, हस्ताक्षर, घड्याळ, जे सापडेल ते त्या नावाला चिकटवलं जातं. तपास नेमका उलट्या दिशेने करायचा असतो. क्रम चुकला की खरा पुरावाही खोटं बोलायला लागतो.

या लेखात एकच घटनास्थळ घेतलं आहे. २० डिसेंबर १९६८ ची रात्र, कॅलिफोर्नियातली सोलानो काउंटी, बेनिशिया आणि वॅलेहो यांच्यामधला लेक हर्मन रोड. पाण्याच्या पंपिंग स्टेशनच्या फाटकासमोर खडी टाकलेली मोकळी जागा होती. तिथे डेव्हिड फॅरडे (१७) आणि बेटी लू जेन्सन (१६) या दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. गुन्ह्याचा उलगडा अजून झालेला नाही. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. सहावी पायरी आधी उघडायची नाही, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

## पूर्वतयारी

चार गोष्टी हाताशी ठेवा: पोलिस अहवालाची प्रत (या प्रकरणातली बरीच कागदपत्रं आता लोकांसमोर आहेत), शवविच्छेदनाचा तपशील, परिसराचा नकाशा आणि त्या तारखेचं पंचांग.

पंचांगाचं नाव ऐकून हसू येईल, पण ते हवंच. १९ डिसेंबर १९६८ ला अमावास्या होती, म्हणजे २० तारखेच्या रात्री अकरा वाजता आकाशात चंद्र नव्हता. रस्त्यावर दिवेही नव्हते. ‘त्याने नेम धरून पाठीत गोळ्या घातल्या’ असं वाक्य लिहिण्याआधी हा अंधार डोळ्यांसमोर आणा.

आता एका कागदावर तीन रकाने आखा: दिसलं, मोजलं, मानलं. अहवालात अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेलं पहिल्या रकान्यात जाईल. टेपने, तराजूने किंवा सूक्ष्मदर्शकाने ठरलेलं दुसऱ्यात. बाकी सगळं तिसऱ्यात, मग ते पोलिसांनी म्हटलेलं असो, पत्रकाराने किंवा तुम्ही.

आपल्याकडचा पंचनामा वाचायची सवय असेल तर हे सोपं जाईल. चांगल्या पंचनाम्यात ‘दिसून आले’ आणि ‘असावे’ यांची सरमिसळ नसते.

सावधान: चित्रपट, माहितीपट आणि गाजलेल्या पुस्तकांतले तपशील थेट तिसऱ्या रकान्यात टाका. मूळ अहवालात सापडले तरच ते डावीकडे सरकवा.

## पायरी १: घटनास्थळ जसं होतं तसं मांडा

आधी फक्त स्थिती लिहा. ‘कसं घडलं असेल’ हा प्रश्न अजून विचारायचाच नाही.

गाडी म्हणजे डेव्हिडच्या आईची रॅम्बलर स्टेशन वॅगन. पुढचा उजवा दरवाजा सताड उघडा होता. डेव्हिड गाडीच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकाजवळ पाठीवर पडला होता आणि पाय गाडीकडे होते. पोलिस पोचले तेव्हा त्याचा श्वास चालू होता, पण रुग्णालयात नेताना तो गेला. बेटी लू गाडीपासून सुमारे २८ फुटांवर रस्त्याच्या दिशेने पडली होती. जमीन खडीची आणि थंडीने कडक झालेली, त्यामुळे उपयोगी पडेल असा पावलाचा किंवा टायरचा ठसा मिळाला नाही.

ठसा न मिळण्याची नोंद लोक वगळतात, तसं करू नका. ठसे नाहीत याचा अर्थ मारेकऱ्याने काळजी घेतली असा होत नाही. या जमिनीवर ठसा उमटणारच नव्हता. ‘पुरावा सोडला नाही’ आणि ‘जमिनीने पुरावा धरला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यावरून लोक थेट ‘प्रशिक्षित सैनिक’ या निष्कर्षावर जातात.

तपासून पाहा: तुमच्या यादीत एकही क्रियापद मारेकऱ्याचं नसावं. ‘त्याने दार उघडलं’ असं लिहिलं असेल तर खोडा आणि ‘दार उघडं होतं’ असं लिहा.

## पायरी २: गोळ्यांचा हिशेब लावा

बहुतेक लेखांत ही पायरी नसतेच, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती इथेच मिळते.

घटनास्थळी दहा पुंगळ्या सापडल्या. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणारं काडतुसाचं रिकामं कवच. आता या दहांची विल्हेवाट लावा. डेव्हिडच्या डोक्यात एक, बेटी लूच्या पाठीत पाच, असे सहा झाले. गाडीवर गोळीच्या दोन खुणा, एक मागच्या उजव्या खिडकीला आणि एक छताला, म्हणजे आठ. दोन गोळ्या उरतात, त्या कुणाला वा गाडीला न लागता गेल्या असं धरावं लागतं.

यात दोन खाचखळगे आहेत. एक गोळी दोन खुणा करू शकते, म्हणजे अंगातून आरपार जाऊन पुढे दुसऱ्या कशाला लागू शकते. तसं कुठे झालं असेल तर न लागलेल्या गोळ्या दोनपेक्षा जास्त भरतील, कमी नाही. म्हणून ‘किमान दोन’ असं लिहा. दुसरं, दहा पुंगळ्या सापडल्या म्हणजे दहाच गोळ्या सुटल्या असं नाही. सापडलेला आकडा हा खालचा आकडा असतो. ‘दहा गोळ्यांचं मॅगझीन रिकामं केलं’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते तिसऱ्या रकान्यातलं आहे.

सावधान: पुंगळ्यांच्या जागेवरून गोळ्यांना १, २, ३ असे क्रमांक देऊ नका. पुंगळी बहुतेक शस्त्रांतून उजवीकडे उडते, पण नेमकी कुठे पडते ते शस्त्र, हाताचा कोन, पकड आणि जमीन यांवर ठरतं. कडक खडीवर ती उसळते, आणि मदतीला आलेल्यांच्या बुटांनीही सरकते. पुंगळ्यांच्या झुपक्यावरून ‘साधारण या बाजूला उभा होता’ इतकंच म्हणता येतं.

खिडकी आणि छतावरच्या खुणांवरून एक लोकप्रिय कथा तयार झाली आहे: मारेकऱ्याने आधी गाडीवर गोळ्या झाडून दोघांना उजव्या दारातून बाहेर काढलं. शक्य आहे. दार उघडं होतं, खिडकीची खूण उजवीकडे होती, त्यात बसतं. पण झटापटीत किंवा पळापळीत चुकलेल्या गोळ्यांनीही हेच चित्र उभं राहिलं असतं. दोन्ही शक्यता कागदावर शेजारी-शेजारी लिहा. एक खोडायला काही हाती लागलं तर खोडा, नाहीतर दोन्ही राहू द्या.

## पायरी ३: जखमांवरून अंतर आणि दिशा

डेव्हिडला एकच गोळी लागली, डाव्या कानापाशी, अगदी जवळून. अंतराचा अंदाज जखमेभोवतीच्या खुणांवरून बांधतात. नळी टेकवून झाडली तर काजळी आणि वायू जखमेच्या आत शिरतात. थोडं अंतर असेल तर दारूचे जळके कण कातडीत टोचून ठिपके उठतात. अंतर वाढलं की ठिपके विरळ होतात आणि मग दिसेनासे होतात. कपडा मध्ये असेल तर हे कण कपड्यावर अडतात, म्हणून कपड्याची वेगळी तपासणी लागते.

इथे नेहमीची चूक अशी: ‘डाव्या कानाशी गोळी, म्हणजे मारेकरी डावखुरा किंवा डावीकडे उभा.’ मान वळते हो. दारातून बाहेर पडणारा माणूस गाडीकडे वळला असेल, खाली वाकला असेल, मागे पाहत असेल. जखम फक्त नळी आणि डोकं यांचं नातं सांगते. डोकं त्या क्षणी कुठल्या दिशेला होतं ते कळल्याशिवाय उभं राहण्याची जागा सांगता येत नाही, आणि हात कुठला ते तर अजिबातच नाही.

बेटी लूच्या पाठीत पाच. त्यावर ‘पळत्या मुलीला अंधारात पाच वेळा अचूक टिपलं, म्हणजे निष्णात नेमबाज’ हे विधान हमखास केलं जातं. गणित करून बघा. २८ फूट म्हणजे साडेआठ मीटर. घाबरलेला माणूस हे अंतर दोन-तीन सेकंदांत कापतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलातून तेवढ्या वेळात पाच गोळ्या सहज सुटतात. मारेकरी जागेवरच उभा होता असंही कुठे लिहिलेलं नाही. तो मागून धावत असेल तर प्रत्यक्ष अंतर फारच कमी राहिलं असेल. आणि किमान दोन गोळ्या वाया गेल्याचं आपण नुकतंच पाहिलं. निष्णात नेमबाज ही एक शक्यता आहे, पण हे सगळं समजायला तिची गरज पडत नाही.

तपासून पाहा: तुमच्या निष्कर्षात मारेकऱ्याचं कौशल्य, उंची, हात किंवा पेशा आला असेल तर त्यासमोर तो दाखवणारी मोजलेली नोंद लिहा. नोंद नसेल तर निष्कर्ष काढून टाका.

## पायरी ४: शस्त्राचा गट आणि शस्त्राचा नग वेगळे ठेवा

काडतुसं पॉइंट टू-टू (.२२) लाँग रायफल जातीची, विंचेस्टरची ‘वेस्टर्न सुपर-एक्स’. आधी एक मोठा गैरसमज दूर करू. ‘लाँग रायफल’ हे काडतुसाचं नाव आहे. ते पिस्तुलातही चालतं. या नावावरून मारेकऱ्याच्या हातात रायफल देणारे लेख मी वाचलेले आहेत.

गोळीवर नळीतल्या आट्यांचे ठसे उमटतात: किती खाचा, किती रुंद, कोणत्या दिशेने पिळलेल्या. लेक हर्मनच्या गोळ्यांवर सहा खाचा, उजवा पीळ आढळला. या माहितीने शस्त्राचा गट ठरतो. जे. सी. हिगिन्स मॉडेल ८० हे पिस्तूल त्यात बसतं म्हणून त्याचं नाव वारंवार येतं, पण त्या गटात बसणारी इतर शस्त्रंही होती.

नग ठरवणं, म्हणजे ‘हेच पिस्तूल’ असं म्हणणं, ही वेगळी पायरी आहे. त्यासाठी संशयित पिस्तूल हाती लागतं, त्यातून चाचणीची गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्यांवरचे बारीक ओरखडे तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली लावून बघतात. पुंगळीची तुलना वेगळी होते. .२२ च्या काडतुसात आघातपिन कडेवर आपटते, तिथला ठसा आणि पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे ओरखडे बघतात. दाभोलकर-पानसरे प्रकरणांपासून ‘बॅलिस्टिक अहवाल’ हे शब्द मराठी बातम्यांत रुळले, पण अहवाल गटाबद्दल बोलतो आहे की नगाबद्दल, हे बातमीत शोधावंच लागतं.

लेक हर्मनचं पिस्तूल मिळालेलं नाही. त्यामुळे इथे नगाचा प्रश्न उद्भवतच नाही. कुण्या संशयिताकडे .२२ पिस्तूल होतं, ही माहिती जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या काळात त्या भागात ते कितीतरी घरांत होतं, आणि सुपर-एक्स काडतुसंही दुकानात सहज मिळत.

## पायरी ५: वेळेची पट्टी

थोडक्यात सांगतो, कारण कृती सोपी आहे आणि कंटाळवाणी आहे. लांब पट्टीवर रात्री दहा ते साडेअकरा मांडा. त्या रस्त्याने जाणारे-येणारे बरेच होते. शिकारीला आलेले, फेरफटक्याला निघालेले, बेनिशियात कामावर निघालेला एक जण आणि शेवटी दोघांना पडलेलं पाहून मदत आणायला धावलेली बाई. प्रत्येकाच्या जबाबातली वेळ पट्टीवर बिंदू म्हणून मारू नका, पाच-सात मिनिटांचा पट्टा म्हणून रंगवा. १९६८ मध्ये प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ वेगळं होतं. पट्टे रंगवल्यावर गुन्ह्याला उरलेली जागा अकराच्या पुढे काही मिनिटांचीच दिसते. एकमेकांशी ‘न जुळणारे’ जबाबही मग बरेचसे जुळतात.

## पायरी ६: आता पत्रं उघडा

लेक हर्मनच्या वेळी झोडिअ‍ॅक हे नावच नव्हतं. ४ जुलै १९६९ च्या रात्री वॅलेहोजवळ ब्लू रॉक स्प्रिंग्जला गाडीत बसलेल्या दोघांवर गोळीबार झाला. तरुणी गेली, तरुण वाचला. मध्यरात्रीनंतर १२:४० ला वॅलेहो पोलिसांना फोन आला. फोन करणाऱ्याने जागा सांगितली, ९ एमएमने मारल्याचं सांगितलं आणि गेल्या वर्षीच्या त्या पोरांनाही आपणच मारल्याचं सांगितलं. जुलैअखेर तीन वृत्तपत्रांना पत्रं गेली. लेक हर्मनबद्दल त्यांत चार तपशील होते: काडतुसं सुपर-एक्स, दहा गोळ्या, मुलगा पाठीवर पाय गाडीकडे, मुलगी उजव्या कुशीवर पाय पश्चिमेला.

हे तपशील तुमच्या पहिल्या दोन रकान्यांशी ताडून पहा. जुळतात. पण जुळण्याचं वजन किती, हे दुसऱ्या प्रश्नावर ठरतं: तोपर्यंत हे आणखी कुणाला माहीत होतं? डिसेंबर ते जुलै अशा सात महिन्यांत स्थानिक वृत्तपत्रांत काय छापून आलं, चौकशीत कुणाकुणाला काय सांगितलं गेलं, याची यादी करा. छापून आलेल्या तपशिलाला शून्य गुण. अहवालापुरताच राहिलेल्या तपशिलाला पूर्ण. काडतुसाचा ब्रँड किंवा प्रेताच्या पायांची दिशा वाचकाच्या लक्षात राहण्यासारखी नसते, म्हणून त्यांना मी जास्त वजन देतो. पण यादी केल्याशिवाय देऊ नका.

फोन आणि पत्र यांत फोन वरचढ आहे. गुन्ह्यानंतर तासाभरात, काहीही छापून यायच्या आत, ९ एमएम हा शब्द उच्चारला गेला. घड्याळाचा शिक्का असलेली माहिती चार आठवड्यांनी आलेल्या पत्रापेक्षा नेहमी भारी. फोनवर त्याने ‘दुहेरी खून’ म्हटलं होतं, प्रत्यक्षात एक जण जिवंत होता. म्हणजे बोलणारा निकाल कळण्याआधीच तिथून निघाला होता. चुकलेला तपशीलही पुरावाच असतो. तो यादीतून गाळू नका.

ऑगस्टमधल्या पत्रात लेक हर्मनबद्दल एक दावा आला: पिस्तुलाच्या नळीला छोटी बॅटरी बांधली होती आणि प्रकाशाच्या ठिपक्यावर गोळी लागत होती. अमावास्येच्या रात्रीचा विचार केला तर प्रकाश लागला असेल हे पटतं. पण असा दावा घरी बसूनही सुचतो, आणि घटनास्थळावरचा कुठलाच अवशेष त्याची साक्ष देत नाही. तिसरा रकाना.

सावधान: प्रत्येक पत्र खरं धरू नका. १९६६ चा रिव्हरसाइडमधला विद्यार्थिनीचा खून अनेक वर्षं झोडिअ‍ॅकच्या खात्यावर टाकला जात होता, त्यात नंतर आलेल्या काही पत्रांचा मोठा हात होता. ती पत्रं खोडसाळपणे आपण पाठवली होती, अशी कबुली देणारा माणूस पुढे रिव्हरसाइड पोलिसांना मिळाला.

## पायरी ७: घटना एकमेकांना कशाने जोडल्या आहेत ते पाहा

‘बॅलिस्टिकने सिद्ध झालं की सगळे खून एकाचेच’ हे वाक्य कुठेही दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. लेक हर्मनला .२२. ब्लू रॉक स्प्रिंग्जला ९ एमएम. २७ सप्टेंबर १९६९ ला लेक बेरियेसाला चाकू. ११ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सीचालक पॉल स्टाइनला ९ एमएम, पण जुलैपेक्षा वेगळ्या पिस्तुलाची. एकही गोळी दुसऱ्या घटनास्थळाशी जुळत नाही.

मग जोड कशाचा आहे? साखळी काढा आणि प्रत्येक कडीवर तिची जात लिहा.

स्टाइनच्या रक्ताळलेल्या शर्टाचा तुकडा दोन दिवसांनी टपालात टाकलेल्या पत्रासोबत आला. ही वस्तूची कडी आहे, सगळ्यांत मजबूत. बेरियेसाला गाडीच्या दारावर आधीच्या दोन हल्ल्यांच्या तारखा लिहिलेल्या होत्या. ती हस्ताक्षराची कडी, म्हणजे तज्ज्ञाचं मत. जुलैचा हल्ला फोनमुळे जोडला जातो. ती वेळेवर सांगितलेल्या माहितीची कडी. आणि लेक हर्मन? तो फोनवरचा दावा, पत्रातले ते चार तपशील आणि दारावर लिहिलेली तारीख एवढ्यांनीच जोडलेला आहे.

मालिकेतली ‘पहिली’ घटना म्हणून जिचा उल्लेख होतो, तिची कडी सगळ्यांत पातळ आहे. ती तुटली असं माझं म्हणणं नाही. ती टिकते असं मला वाटतं. पण लेक हर्मनच्या पुराव्यावरून बांधलेला निष्कर्ष स्टाइनच्या मारेकऱ्यावर लादायचा असेल, तर वजन याच कडीवर पडणार आहे, हे कागदावर स्पष्ट लिहिलेलं असावं.

तपासून पाहा: साखळीतली एक कडी मुद्दाम काढून टाका आणि तुमचा निष्कर्ष उरतो का बघा. सगळ्या कड्यांसाठी हे करा.

## पायरी ८: संशयिताचं नाव, आता

आधीच्या सात पायऱ्यांवरून प्रश्नांची यादी तयार झालेली असेल. तीच यादी प्रत्येक नावाला लावा, सारख्याच क्रमाने. एका नावासाठी खास प्रश्न काढायचे नाहीत.

वगळणारा पुरावाही तितक्याच कडकपणे तपासा. टॅक्सीवर मिळालेले रक्ताळलेले ठसे एखाद्याशी जुळले नाहीत, तर आधी विचारा: ते ठसे मारेकऱ्याचेच होते, की गर्दीत मदतीला आलेल्या कुणाचे? २००२ मध्ये पत्राच्या तिकिटावरून अर्धवट डीएनए मिळाला आणि त्यावरून सर्वाधिक चर्चेतला संशयित बाद झाल्याच्या बातम्या आल्या. तिथेही हाच प्रश्न: तिकीट कोणी चिकटवलं, आणि तीन दशकांत ते पाकीट किती हातांतून गेलं? जो माणूस या शंका वगळणाऱ्या पुराव्यावर घेतो आणि अडकवणाऱ्या पुराव्यावर घेत नाही, त्याने निकाल आधीच लावलेला असतो.

शेवटी निष्कर्ष लिहिताना तीनच शब्द वापरा: ‘जुळतं’, ‘जुळत नाही’, ‘सांगता येत नाही’. लेक हर्मनपुरतं काम प्रामाणिकपणे केलं असेल तर तिसऱ्या शब्दाखालची यादी सगळ्यांत लांब निघेल. तशी निघाली नसेल, तर पायरी २ पासून पुन्हा सुरू करा.